टेकडीवरचा डबाशोध: मुलांसाठी जीपीएस कोड्यांचा खेळ कसा आखायचा

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ. तो आखायला बसलेली बहुतेक मंडळी पहिल्याच पायरीला चुकतात. आधी डबे आणि बक्षिसं आणतात, मग रात्री बसून कोडी लिहितात आणि शनिवारी संध्याकाळी घाईघाईत टेकडीवर जाऊन जागा शोधतात. रविवारी सकाळी पोरं एका झाडाभोवती वीस मिनिटं घिरट्या घालतात, डबा पंधरा मीटर पलीकडे असतो, दुसऱ्या कोड्याचं उत्तर चुकल्यामुळे पुढचं सगळं अडतं आणि साडेनऊच्या उन्हात सगळे वैतागून खाली उतरतात.

क्रम नेमका उलटा हवा. आधी वाट, मग जागा, मग अक्षांश-रेखांश, मग कोडी आणि सगळ्यात शेवटी डबे. दुसरी गोष्ट पूर्ण खेळभर लक्षात ठेवायची: फोन तुम्हाला डब्यापाशी नेत नाही, डब्याच्या आसपास नेतो. शेवटचे दहा मीटर नेण्याचं काम तुमच्या चिठ्ठीचं आहे.

खालचा आराखडा ७ ते १४ वर्षांची मुलं, त्यांचे आईवडील, तीन-चार गट, सहा ठिकाणं आणि एका सकाळचे तीन तास एवढं धरून केला आहे.

## टप्पा १: टेकडी, वेळ आणि परवानगी

पुण्यात सोयीच्या जागा म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई आणि बाणेर-पाषाणची टेकडी. तळजाईचा माथा बऱ्यापैकी सपाट आहे, सात-आठ वर्षांच्या मुलांना तो बरा. वेताळ टेकडीला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचा रस्ता, पौड रस्ता, कांचन गल्ली, गोखलेनगर, पंचवटी अशा अनेक बाजूंनी वर येता येतं. सोय म्हणून हे चांगलं, पण गट फुटला तर चुकलेला गट भलत्याच बाजूला उतरतो. तिथे खेळ घ्यायचा तर चढायची आणि उतरायची वाट एकच ठरवा आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहा.

वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेने एकही ठिकाण ठेवू नका. खाणीच्या काठाला मुरूम सुटा असतो आणि फोनकडे बघत चालणाऱ्या मुलाचं लक्ष पायाखाली नसतं. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी वाटही या खेळासाठी नको. चढ दमवणारा आहे, रविवारी गर्दी असते, आणि गर्दीत डबा राहत नाही. गडकिल्ल्यांच्या तटबंदीत, देवळाच्या आवारात किंवा पाण्याच्या टाकीजवळ काहीही लपवायचं नाही.

जमीन कोणाची आहे हे आधी विचारा. एकाच टेकडीचे तुकडे वनविभाग, महापालिका आणि खासगी मालक यांच्याकडे असू शकतात. वनविभागाची हद्द असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, वाटेचा साधा नकाशा आणि "सर्व साहित्य त्याच दिवशी काढून घेतले जाईल" हे वाक्य असू द्या. फाटकाच्या वेळाही तिथेच विचारून घ्या. पाषाण आणि खडकवासल्याच्या बाजूला संरक्षण खात्याच्या हद्दी आहेत. कुंपण किंवा पाटी दिसली की त्या बाजूचा विचार सोडून द्या.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात आणि विजांचा धोका उघड्या माथ्यावर सगळ्यात जास्त. ऑक्टोबरच्या शेवटी गवत कमरेएवढं असतं आणि कुसळं मोज्यांत घुसून मुलं रडकुंडीला येतात. मार्चपासून वाळलेल्या गवताला वणवे लागतात. सकाळी पावणेसातला पायथ्याशी जमायचं आणि दहाच्या आत खाली, हे वेळापत्रक पाळा.

तपासा: परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय निमंत्रण पाठवलं नाही ना?

## टप्पा २: वाट चालून जागा निवडा

डबे न घेता, फक्त वही आणि फोन घेऊन पूर्ण वाट एकदा चाला. चालणं अडीच किलोमीटरच्या आत ठेवा. लहान मुलं चढ-उतारावर ताशी दोन किलोमीटर धरा, म्हणजे सव्वा तास. सहा ठिकाणी प्रत्येकी बारा मिनिटं म्हणजे आणखी सव्वा तास. खाण्यापिण्याची वीस मिनिटं. तीन तास असे भरतात. ठिकाणं आठ केलीत की वेळ हाताबाहेर जातो आणि शेवटची दोन मोठी माणसंच ओढून नेतात.

दोन ठिकाणांमध्ये २०० ते ३५० मीटर अंतर ठेवा. शंभराच्या आत ठेवलंत तर जीपीएसच्या चुकीमुळे मुलं दोन ठिकाणांत गोंधळतात, शिवाय पुढचा गट डबा उघडताना मागच्याला सरळ दिसतो.

जागा वाटेपासून तीन मीटरच्या आत हवी. झुडपांत शिरावं लागेल अशी जागा म्हणजे पायवाट रुंदावणार, गवत तुडवलं जाणार आणि काटे टोचणार. निवडायच्या जागा अशा: जमिनीपासून गुडघा ते छाती एवढ्या उंचीवरची फांदीची बेचकी, बसायच्या बाकाची मागची बाजू, सुट्या नसलेल्या मोठ्या खडकाचा उघडा आडोसा, पाटीचा खांब.

न निवडायच्या जागा जास्त महत्त्वाच्या आहेत. दगडाखाली कधीही नाही. आपल्या टेकड्यांवर दगडाखाली विंचू असतात, फुरसंही असू शकतं, आणि मुलाला एकदा "दगड उचल, डबा सापडेल" हे शिकवलंत की ते पुढचे सगळे दगड उचलत जातं. बिळात, झाडाच्या ढोलीत, पालापाचोळ्याच्या ढिगात नाही. ढोलीत पक्षी किंवा मधमाश्या असतात. खड्डा खणायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. बांधायला सुती नाडी किंवा सुतळी वापरा.

हंगाम बदलला की जागा बदलते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड भरपूर आहे आणि हे झाड थंडीच्या अखेरीस पानं गाळतं. नोव्हेंबरात झाकलेला डबा फेब्रुवारीत शंभर पावलांवरून दिसतो. म्हणून पाहणी आणि खेळ यांच्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको.

सावधान: वाटेवर कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर तो भाग पूर्ण वगळा. त्या बाजूला आरडाओरड, धूर आणि उग्र अत्तर तिन्ही नकोत.

## टप्पा ३: अक्षांश-रेखांश घ्या, आणि नीट घ्या

सगळ्यात जास्त खेळ इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत, घळीत किंवा कातळाच्या कुशीत ही चूक दहा-वीस मीटरवर जाते, कारण उपग्रहाचे संकेत अडतात किंवा कातळावर आपटून उशिरा येतात. म्हणजे तुम्ही आखताना दहा मीटर चुकलात आणि शोधणाऱ्याचा फोन विरुद्ध दिशेला दहा मीटर चुकला, तर मूल डब्यापासून वीस मीटरवर उभं राहून शोधणार. यावर उपाय असा.

१. फोन विमान मोडवर टाका, पण लोकेशन चालू ठेवा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, नकाशाला लागते. म्हणून घरूनच ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड यांसारख्या अॅपमध्ये पुण्याचा नकाशा उतरवून ठेवा. विमान मोडवर पहिली जागा पकडायला फोन दोन-तीन मिनिटं घेऊ शकतो. घाई करू नका.

२. जागेवर फोन छातीच्या उंचीवर स्थिर धरून अचूकतेचा आकडा खाली येऊन थांबेपर्यंत उभे राहा, मग नोंद करा.

३. तीस-चाळीस मीटर दूर जा, दुसऱ्या बाजूने परत या, पुन्हा नोंद घ्या. तिसरी नोंद शक्यतो दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या दिवशी.

४. तिन्हींची सरासरी काढा. समजा उत्तरेच्या मिनिटांचे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दशांश चिन्हानंतरचे तीन अंक ४६८, ४७५ आणि ४७३ आले. बेरीज १४१६, सरासरी ४७२. पूर्वेचे २०५, २११ आणि २०८ आले, सरासरी २०८. एखादी नोंद इतर दोघींपासून पंधरापेक्षा जास्त लांब असेल तर ती टाकून द्या आणि नवी घ्या.

मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे पुण्यात उत्तर-दक्षिण साधारण १.८४ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७६ मीटर. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या सात अंकांचा फरक म्हणजे जेमतेम तेरा मीटर. झाडीत एवढा चालतो.

आता लिहिण्याची पद्धत. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते: दशांश अंशांत, अंश आणि दशांश मिनिटांत, आणि अंश-मिनिटं-सेकंदांत. जिओकॅशिंगमध्ये दुसरी रूढ आहे, फोनचे नकाशे बहुधा पहिली दाखवतात. १८° ३०.७४०' ही जागा कोणी १८.३०७४०° अशी टाकली, तर तो सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला जातो, कारण बरोबर आकडा १८.५१२३३° आहे. मिनिटांना साठने भागायचं असतं. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच पद्धत ठेवा आणि प्रत्येक गटाचा फोन त्याच पद्धतीवर लावून द्या. दशांश अंश वापरत असाल तर दशांश चिन्हानंतर पाच अंक लिहा. चारच लिहिलेत तर एका अंकाची पायरी अकरा मीटरची होते.

चिठ्ठीवर हे आकडे इंग्रजी अंकांत लिहा. मराठी आवडतं म्हणून देवनागरीत लिहिलेत की इंग्रजी माध्यमातली मुलं १ ला नऊ आणि ५ ला चार वाचतात, आणि फोनमध्ये तेच टाकतात. कोडी खुशाल मराठीत असू द्या, फोनमध्ये टाकायचे आकडे नकोत.

सावधान: उपग्रहाच्या नकाशावर बोट दाबून आकडे घेऊ नका. झाडीत खालची वाट चित्रात दिसतच नाही. गुगलचा दहा अक्षरी प्लस कोडही साधारण १४ मीटर बाजूच्या चौकोनाचा असतो. भेटायची जागा सांगायला तो ठीक, डबा शोधायला नाही.

तपासा: सरासरी काढलेले आकडे फोनमध्ये नव्याने टाका, शंभर मीटर लांबून चालत या. बाणाने नेलेली जागा डब्यापासून दहा मीटरच्या आत आहे का? नसेल तर नोंदी पुन्हा घ्या.

## टप्पा ४: खेळाची बांधणी ठरवा

दोन बांधण्या आहेत. साखळीत पहिलं कोडं सुटलं की दुसऱ्या जागेचे आकडे मिळतात, दुसरं सुटलं की तिसऱ्याचे. वाचायला छान, प्रत्यक्षात घातक. एक उत्तर चुकलं की गट भलत्या उतारावर जातो.

गोळाबेरजेच्या बांधणीत प्रत्येक डब्यात पुढच्या जागेचे आकडे सरळ लिहिलेले असतात. कोडं सोडवून मिळतो तो फक्त एक अंक, आणि असे अंक जमवून शेवटची जागा सापडते. कोडं अडलं तरी चालणं थांबत नाही, सगळे गट ठरलेल्या वाटेवरच राहतात, आणि तुम्हाला प्रत्येक गट कुठल्या वाटेवर आहे हे कायम माहीत असतं. आणखी एक फायदा: गटांना वेगवेगळ्या ठिकाणांपासून सुरू करता येतं. मुलं बरोबर असतील तर दुसरी बांधणीच घ्या. पहिली मोठ्यांसाठी ठेवा.

उदाहरणासाठी शेवटचा डबा उत्तर १८° ३१.४७२', पूर्व ७३° ४९.२०८' इथे आहे असं धरू. हे आकडे फक्त गणितासाठी घेतले आहेत. मुलांना सुरुवातीलाच अशी चिठ्ठी द्यायची:

उत्तर १८° ३१.(अ)(आ)(इ)', पूर्व ७३° ४९.(ई)(उ)(ऊ)'

पाच ठिकाणांवरून सहा अंक काढायचे, म्हणजे एका ठिकाणी दोन. अंकांना स्वरांची नावं द्या. व्यंजनं गुप्तलिपीसाठी राखून ठेवली की गोंधळ होत नाही.

आता पडताळा. उत्तरं बरोबर आहेत की नाही हे मुलांना तिथल्या तिथे कळायलाच हवं. सहाही अंकांची बेरीज २३ येते, एवढं चिठ्ठीवर लिहिलंत तर अर्ध्या चुका पकडल्या जातात. अर्ध्याच, कारण अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. ४७२ च्या जागी ७४२ लिहिलं तरी बेरीज २३ च, आणि गट जवळजवळ अर्धा किलोमीटर उत्तरेला. म्हणून दहा वर्षांपुढच्या मुलांना वजनाचा पडताळा द्या: अ × १ + आ × २ + इ × ३ = २४ आणि ई × १ + उ × २ + ऊ × ३ = २६. अदलाबदल झाली तर पहिली बेरीज २१ येते आणि चूक जागीच उघडी पडते.

## टप्पा ५: कोडी लिहा

प्रत्येक कोड्याला तीन अटी. उत्तर एकच असावं, जागेवर उभं राहून सापडावं, आणि पुढच्या महिन्यातही तेच असावं.

मोजायची कोडी. पाटीचे खांब, पायऱ्या, बाकाच्या फळ्या, कोरलेला आकडा. फुलं, फांद्या, घरटी, रंगवलेले पट्टे मोजायला सांगू नका. पायऱ्या मोजायला लावल्या तर "जमिनीची सोडून" की "धरून" हे लिहा. पायऱ्यांच्या कोड्यात उत्तर एकने चुकण्याचं हेच कारण असतं.

महिन्यांची कोडी. चैत्र १, वैशाख २, ज्येष्ठ ३, आषाढ ४, श्रावण ५, भाद्रपद ६, आश्विन ७, कार्तिक ८, मार्गशीर्ष ९, पौष १०, माघ ११, फाल्गुन १२. "आपट्याची पानं वाटायचा सण कोणत्या महिन्यात?" उत्तर दसरा, आश्विन, ७, म्हणजे आ. "त्रिपुरी पौर्णिमा कोणत्या महिन्यात?" कार्तिक, ८, म्हणजे ऊ. शून्य काढायचं असेल तर "शाकंभरी पौर्णिमेच्या महिन्याचा क्रमांक, फक्त शेवटचा अंक": पौष, १०, म्हणजे ०. नुसतं शून्य उत्तर येणारं मोजायचं कोडं देऊ नका. मुलांना वाटतं आपल्याला सापडलं नाही, आणि ती शोधतच राहतात.

इथे सण निवडताना जपा. पोळा विचारलात तर कोणी श्रावण म्हणेल, आणि पुणे जिल्ह्यातल्या काही गावांतून आलेली आजी भाद्रपद म्हणेल. दोघंही बरोबर. दिवाळी आश्विन आणि कार्तिक अशी दोन महिन्यांत पसरते. संक्रांत सूर्यावर ठरते, तिचा चांद्र महिना बदलू शकतो. हे तिन्ही वगळा.

वर्गाची लिपी. वर्णमालेचे पाच वर्ग म्हणजे पाच ओळी: क-वर्ग १, च-वर्ग २, ट-वर्ग ३, त-वर्ग ४, प-वर्ग ५. प्रत्येक अक्षराचा पहिला अंक ओळीचा, दुसरा ओळीतल्या जागेचा. सहावी ओळ य र ल व श, सातवी ष स ह ळ. मग १२ ३३ ११ म्हणजे खडक, ४३ १३ ३३ म्हणजे दगड, ५१ ७४ ७२ म्हणजे पळस. मात्रा आणि जोडाक्षरं नसलेलेच शब्द घ्या. तक्ता प्रत्येक गटाला छापून द्या. वर्णमाला पाठ असेलच असं धरून चालू नका, अगदी मराठी शाळेतल्या मुलांचीही.

दिशेची कोडी. मोठ्या मुलांना होकायंत्र देता येतं, पण अंतर तीस मीटरच्या आत. शंभर मीटरवर पाच अंशांची चूक म्हणजे जवळजवळ नऊ मीटर. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढायला लावा. होकायंत्र काळ्या कातळावर टेकवून वाचू नका, बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजं असतात. "वीस पावलं चाला" असं कधीच लिहू नका. आठ वर्षांच्या मुलीचं पाऊल आणि बाबांचं पाऊल यांत सहा-सात मीटरचा फरक पडतो. गटाला दहा मीटर सुतळीचं बंडल द्या.

यानंतर प्रत्येक डब्याची खूण, म्हणजेच शेवटचे दहा मीटर. "गिरिपुष्पाच्या झाडाजवळ" ही खूण नाही, तिथे सगळीच गिरिपुष्पं आहेत. "वाट डावीकडे वळते तिथे दोन खोडं एकाच बुंध्यातून निघालेली. वाटेच्या बाजूची बेचकी. तुझ्या खांद्याएवढी उंची." ही खूण. वस्तू, बाजू आणि उंची तिन्ही हवीत.

शेवटी मदतीची पाकिटं. प्रत्येक कोड्यामागे तीन घड्या: पहिली इशारा देते, दुसरी पद्धत सांगते, तिसरी उत्तर. पाच, आठ आणि बारा मिनिटांनी उघडायची. ती सोबतच्या मोठ्या माणसाकडे असू द्या, आणि उघडली म्हणून गुण कापू नका.

## टप्पा ६: डबे

पारदर्शक प्लास्टिकचे, चारी बाजूंनी कड्या लागणारे, झाकणाला रबर असलेले, अर्धा ते पाऊण लिटरचे सहा डबे. पारदर्शकच. २०१० आणि २०१२ मध्ये या शहराने स्फोट पाहिले आहेत. टेकडीवर फिरायला आलेल्या माणसाला बेवारस वस्तू दिसली तर त्याने पोलिसांना फोन करणं योग्यच आहे, त्याच्यावर ती वेळ आणू नका. स्टीलचा डबा, पाइपचा तुकडा, चिकटपट्टीने गुंडाळलेलं काहीही नको. झाकणावर मोठ्या अक्षरांत: "मुलांच्या खेळाचा डबा. आज दुपारी काढून नेणार. ठिकाण क्रमांक ३." खाली आयोजकाचा फोन नंबर.

आत: कोड्याची चिठ्ठी झिपच्या पिशवीत, नोंदवही, शिसपेन्सिल (दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन चालत नाही आणि शाई फुटते), आणि गटांच्या संख्येएवढ्या छोट्या वस्तू: गोट्या, बटणं, भिंग, पक्ष्याचं चित्र. खाऊ नको, वासाचे खोडरबरही नकोत. मुंग्या लागतात आणि प्राणी डबा कुरतडतात. शेवटच्या डब्यात फक्त चिठ्ठी ठेवा. खाऊ आणि बक्षिसं खाली, पायथ्याशी.

तपासा: चिठ्ठी भरलेला डबा बादलीत पाच मिनिटं बुडवून बाहेर काढा. आत थेंब दिसला तर तो डबा बाद.

## टप्पा ७: कोरी चाचणी

आखणीत नसलेलं एक मोठं माणूस आणि एक मूल घ्या, चिठ्ठ्या द्या, डबे ठेवा आणि मागून चाला. बोलायचं नाही. ही अट पाळणं फार अवघड जातं, पण तुम्ही एक शब्द सुचवलात की चाचणीचा उपयोग संपतो. प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावा आणि मूल पहिल्यांदा कुठे बघतं ते टिपा. पंधरा मिनिटांवर गेलेलं कोडं सोपं करायचं. मूल जिथे जिथे चुकीच्या झुडपात हात घालतं, तिथली खूण बदलायची.

चाचणी खेळाच्या आठवडाभर आधी घ्या. छपाई त्यानंतर, आधी नाही.

## टप्पा ८: खेळाची सकाळ

साडेपाचला दोघांनी वर जाऊन डबे ठेवायचे. जाताना मोजायच्या वस्तू पुन्हा मोजा: आठवड्यात एखादी पाटी पडलेली असते, बाक मोडलेला असतो. शेवटचा डबा सगळ्यात आधी ठेवा आणि खाली येत या, म्हणजे वाट दोनदा तपासली जाते. प्रत्येक डब्याचा एक जवळून आणि एक लांबून असे दोन फोटो काढा.

गटात चार-पाच मुलं आणि दोन मोठी माणसं. एक पुढे, एक शेवटी, मुलं मधे. गटात एकच फोन बाहेर, तोही मुलांमध्ये ठिकाणागणिक फिरता. दुसरा फोन पूर्ण चार्ज करून बंद, पिशवीत. फोन हातात असेल तेव्हा उभं राहायचं, चालताना खिशात. हा नियम निघण्याआधी मुलांकडून म्हणून घ्या. गट बारा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा.

अंगावर पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, खाचांचा तळ असलेले बूट. सुक्या मुरमावर गुळगुळीत तळाचे सँडल बर्फासारखे घसरतात. मुलामागे एक लिटर पाणी, मोठ्यांना दीड. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी: एक म्हणजे "मी इथे आहे", तीन म्हणजे "मदत हवी". गटाच्या पिशवीत पट्ट्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज, काटा काढायचा चिमटा, जलसंजीवनीची दोन पाकिटं.

डबा दिसला तरी हात आधी मोठ्यांचा. काठीने आजूबाजूला हलवून, मग उचलायचा आणि वाटेवर आणून मुलांना द्यायचा.

सावधान: साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मुलाला आडवं करा, चावलेला भाग हलू देऊ नका, उचलून खाली आणा. १०८ किंवा ११२ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात. सापाचा शोध घेण्यात वेळ घालवायचा नाही. मधमाश्या उठल्या तर मुलांची डोकी झाकून त्या जागेपासून पळ काढा, झटकत उभे राहू नका.

ठरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशीर झालेल्या गटाला फोन करा. रेंज नसेल तर शेवटच्या ठिकाणावरून एक माणूस उलट्या क्रमाने चालत जातो. हा माणूस आधीच नेमलेला असावा.

## टप्पा ९: आवरणं

शेवटचा गट सहाव्या ठिकाणाहून निघाला की आवरणारी जोडी पहिल्यापासून निघते. यादी हातात: डबा, सुतळी, खुणेची फीत, चिठ्ठीचे तुकडे. प्रत्येक ओळीवर खूण केल्याशिवाय पुढे जायचं नाही. सकाळच्या फोटोशी जागा ताडून बघा. गवत दबलं असेल, फांदी मोडली असेल तर पुढच्या वेळी ती जागा वगळायची म्हणून वहीत लिहून ठेवा. आदल्या खेळातली सुतळी तिथेच सापडली तर तीही काढा.

जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर डबा कायमचा नोंदवायचा विचार असेल तर हा खेळ तसाच्या तसा तिथे चालणार नाही. तिथे जागेच्या मालकाची परवानगी लागते, डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं, कोड्याच्या डब्यासाठी दाखवलेली जागा खऱ्या जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावी लागते आणि डब्याची देखभाल तुम्हालाच करत राहावी लागते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टेकडीवर जाणारं माणूस तुमच्याकडे असेल तरच त्या वाटेला जा.

आवरून खाली आल्यावर वनविभागाच्या चौकीत किंवा फाटकावरच्या माणसाला "सहाही डबे खाली आणले" असं सांगून या.